हाताला सुचलेला दागिना: माती आणि धातूत काम सुरू करणाऱ्यांसाठी

"मला चित्र काढता येत नाही, मग दागिना कसा घडवणार?" मातीकामाकडे वळणारे बहुतेक नवे लोक हा प्रश्न विचारतात. या कामात चित्र यायलाच हवं असं नाही. शिल्पासारखा दागिना असो किंवा चाकाशिवाय हाताने घडवलेलं सिरॅमिक, आकार बोटांखाली सापडत जातो. कागदावर आधी आखायचं आणि मग ते सामानात उतरवायचं, ही पद्धत आपल्या सोनारकामात पक्की रुजलेली आहे आणि ती चांगलीच आहे. हा लेख दुसऱ्या वाटेचा आहे: हाताच्या अंदाजाने सुरुवात करायची, आकार दिसू लागला की त्याला दागिन्याकडे किंवा भांड्याकडे न्यायचं.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. अंदाजाने काम करणाऱ्याची मोजमापं इतरांपेक्षा जास्त पक्की असावी लागतात. माती किती आटते, कानाला किती ग्रॅम झेपतात, भिंत किती जाड चालते, चांदी किती अंशांना वितळते, या चार-पाच गोष्टी पाठ असल्या की बाकी सगळं हातावर सोपवता येतं. त्या माहीत नसतील तर हात बिचकत राहतो. म्हणून पुढे जिथे आकडे येतील तिथे ते वहीत उतरवून घ्या.

आधी डोळे तयार करा

घरात नथ असेल तर ती हातात घ्या आणि निव्वळ आकार म्हणून तिच्याकडे बघा. मोत्यांचा सगळा भार एका बाजूला, दुसरीकडे तारेचा बारीक वळसा. डावी-उजवी बाजू जुळत नाही, तरी चेहऱ्यावर ती तोललेली दिसते. जड नथीचा भार केसांत अडकवलेल्या साखळीवर किंवा दोऱ्यावर टाकतात, म्हणजे वजन कुठे टेकवायचं याचाही विचार त्यात आहे. ठुशीत मणी इतके खेटून बसवलेले असतात की सुटा मणी दिसेनासा होतो आणि गळ्याभोवती एक सलग, दाणेदार पृष्ठभाग तयार होतो. बुगडी कानाच्या वरच्या कडेवर, वाकी दंडावर. दागिना शरीरावर कुठे बसू शकतो याची आपल्याकडची यादी परदेशी मासिकांपेक्षा मोठी आहे. आधी ती बघा.

मुंबईत पाय मोकळे करायच्या दोन जागा सुचवते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात 'बॉम्बे स्कूल' म्हणून ओळखली जाणारी भांडी आहेत. सर जे. जे. कला शाळा १८५७ साली सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे सिरॅमिकचं मोठं काम झालं. अजिंठ्याच्या चित्रांतले नमुने त्या भांड्यांवर उतरले. बुधवारी संग्रहालय बंद असतं. दुसरी जागा घारापुरी, सोमवार सोडून. सदाशिवाच्या मुकुटावरचं आणि गळ्यातल्या हाराचं काम नीट पाहा. एकाच खडकात, एकाच रंगात असूनही ते उठून दिसतं ते केवळ सावलीमुळे. शिल्पासारख्या दागिन्यात खड्याच्या चमकेचं काम ही सावली करते. खोल खाच आणि उंचवटा यांतलं अंतर दागिन्यात एक-दोन मिलिमीटरच असतं, पण असतं जरूर.

पहिली माती

धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या काम करत आहेत. अंगणातल्या भट्ट्या, दिवाळीच्या आधी पणत्यांच्या राशी, धूर, माणसांची ये-जा. तिथे कामाची माती विकत मिळू शकते. गर्दीचा हंगाम टाळून जा आणि बोलायला वेळ काढा. ही लाल माती साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजली जाते. हात बसवायला ती उत्तम, कारण स्वस्त आहे आणि चूक पोटात घालते. गणपतीच्या दिवसांत मिळणारी शाडूही सरावाला चांगली, फक्त ती भाजायची नाही. लालबाग-परळच्या कारखान्यांत मूर्तिकार कोरणी कशी धरतात, मनगट कुठे टेकवतात, हे उभं राहून बघितलं तर पुष्कळ शिकायला मिळतं.

दागिना अंगावर घालायचा असेल तर पुढे स्टोनवेअर मातीकडे वळावं असं माझं स्पष्ट मत आहे. ती १२०० ते १२८० अंशांना भाजली जाते आणि जवळजवळ पाणी न शोषणारी होते. कमी तापमानाची लाल माती सच्छिद्र राहते, घाम आणि तेल शोषते. पोर्सलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, नंतर; ती लाडावलेली असते.

आता सराव. माती नीट मळून घ्या. आत हवा राहिली तर भिंत सारखी येत नाही. मुठीत मावेल एवढा गोळा घ्या, डोळे मिटा. अंगठा मध्यभागी दाबा आणि बाहेरून बाकीच्या बोटांनी आधार देत गोळा सावकाश फिरवा. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. थोड्या वेळात अंगठ्याला कळायला लागतं की एका जागी भिंत जाड आहे, दुसरीकडे पातळ होऊन थरथरते आहे. जाड जागी हात आपोआप जास्त दाब देतो. कड कुठे बाहेर वळते, कुठे चिमटीत येऊन टोक होतं. डोळे उघडल्यावर ती कड सरळ करायचा मोह होईल, तो आवरा. गोळा पाटावर ठेवा आणि दुसरा घ्या.

असे आठ-दहा आकार एका बैठकीत करा. त्यांना 'फूल', 'शंख', 'लाट' अशी नावं देऊ नका. नाव दिलं की हात त्या नावासारखं काहीतरी करायला धावतो. झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. मग आरशासमोर उभं राहून एकेक आकार कानाशी, गळ्याच्या हाडाशी, मनगटावर, खांद्याच्या टोकाशी धरा. सपाट पाटावर मंद वाटणारा आकार गळ्याच्या हाडाशी अचानक जागा पकडतो. एक-दोन ठेवा, बाकीचे पाण्याच्या बादलीत. भाजलेली नसेल तोवर माती पुन्हा भिजते आणि पुन्हा वापरता येते, त्यामुळे निवड निर्दयपणे करा.

इथेच थांबायलाही शिकावं लागतं. हाताने घडवलेल्या वस्तूत सगळ्यात जास्त नुकसान शेवटच्या दहा मिनिटांत होतं, जेव्हा आपण 'जरा नीट करू' म्हणतो. बोटांचे ठसे पुसले जातात आणि त्याबरोबर आकाराचा जोरही जातो. अंगाला टोचणारी कड तेवढी घासा. उरलेलं राहू द्या.

आटणं आणि वाळणं

माती वाळताना आटते आणि भाजताना पुन्हा आटते. स्टोनवेअरमध्ये एकूण साधारण १० ते १३ टक्के. तुमच्या मातीचा नेमका आकडा काढायला ओल्या मातीची पट्टी लाटा, तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पूर्ण भाजून झाल्यावर ती रेघ मोजा. ८.८ सेंटिमीटर भरली तर माती १२ टक्के आटते. अंगठी करायची असेल आणि आतला व्यास १८ मिलिमीटर हवा असेल, तर १८ ला ०.८८ ने भागा: ओल्या मातीत व्यास सुमारे २०.५ मिलिमीटर ठेवावा लागेल. चांदीची अंगठी सोनार मोठी करून देतो, मातीची अंगठी कोणीही मोठी करू शकत नाही. म्हणून पहिल्या कामांत अंगठी घेऊ नका. लोलक आणि कानातलं घ्या.

भोकांचंही तसंच. भोक आटतं, वर ग्लेझ, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप, त्यात ओघळून ते आणखी लहान करतं. एक मिलिमीटरची तार जायची असेल तर ओल्या मातीत निदान दोन-अडीच मिलिमीटरचं भोक हवं. ते चामड्याइतकी घट्ट झालेल्या मातीत पाडा. फार ओली असताना कड फाटते, पूर्ण वाळल्यावर तुकडाच उडतो. जोड द्यायचा तोही याच अवस्थेत: दोन्ही बाजूंना ओरखडे काढा, पातळ केलेली तीच माती लावा, दाबून बसवा. दोन्ही भाग सारख्या ओलाव्याचे हवेत. एक भाग वाळलेला आणि एक ओला असला तर जोड हमखास सुटतो.

जाडी दागिन्यात तीन ते चार मिलिमीटर पुरे. मोठ्या शिल्पात भरीव भाग दोन सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. आतून कोरून काढा आणि पोकळीला न दिसणाऱ्या जागी भोक ठेवा. आत ओलावा राहिला की भट्टीत त्याची वाफ होते आणि वस्तू फुटते. शेजारच्यांच्या वस्तू घेऊन फुटते.

आणि मुंबईचा पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये वस्तू आठवडाभर ठेवली तरी पूर्ण वाळत नाही. वाळली की नाही हे बघायची सोपी पद्धत म्हणजे ती गालाला लावून पाहणं. गार लागली तर आत पाणी आहे. पावसाळ्यात ती जरा गारच लागत राहते, तेव्हा भट्टीवाल्याला सांगून १०० अंशांच्या खाली, ८०-९० च्या आसपास, काही तास भट्टी धरून ठेवायला सांगा. एप्रिल-मेमध्ये उलट त्रास: कडा आधी सुकून तडकतात. तेव्हा प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवा, आणि पंखा बंद.

भट्टी दुसऱ्याची, काळजी आपली

मुंबईच्या फ्लॅटमध्ये भट्टी बसवणं बहुतेकांना शक्य नसतं. शहरातले बरेच स्टुडिओ बाहेरच्या वस्तू भाजून देतात. कुणी वजनावर पैसे घेतं, कुणी जागेवर. जाताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: माती कोणती आणि कोणत्या तापमानाला भाजायची. कुंभारवाड्याची लाल माती चुकून १२४० अंशांच्या भट्टीत गेली तर ती फुगते किंवा वितळून फळीवर पसरते, आणि ती फळी दुसऱ्याची असते.

पहिली भाजणी साधारण ९५० ते १००० अंशांची, ग्लेझशिवाय. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झची रचना बदलते आणि ते एकदम प्रसरण पावतं. थंड होताना तिथेच आकुंचन. तिथून घाईने गेलं की तडा जातो. थंड व्हायच्या आधी भट्टी उघडा असा आग्रह करू नका.

दुसऱ्या भाजणीत ग्लेझ लावलेली वस्तू जिथे टेकेल तिथे चिकटते, आणि दागिन्याला तर सगळीकडून ग्लेझ हवं असतं. मणी आणि लोलक यासाठी नायक्रोमच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या, तारेवर टांगून भाजतात. माझा स्वतःचा कल मात्र अर्धं ग्लेझ, अर्धी उघडी माती असा असतो. टेकायला जागा मिळते आणि बोटांचे ठसे जाड काचेखाली बुडून जात नाहीत. अजिबात ग्लेझ नको असेल तर चामड्यासारख्या अवस्थेत गुळगुळीत गारगोटीने घोटा. लाल मातीवर सुंदर चकाकी येते, पण १००० अंशांच्या वर ती टिकत नाही.

धुळीबद्दल गंभीरपणे सांगते. मातीच्या आणि ग्लेझच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साठते. कोरडी वस्तू घासू नका, ओल्या स्पंजने पुसा. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ग्लेझची पूड मिसळताना एन-९५ मास्क लावा. शिसं असलेलं ग्लेझ अंगावरच्या किंवा जेवणाच्या वस्तूवर नकोच.

मातीकडून मेणाकडे, मेणाकडून चांदीकडे

मातीत सापडलेला आकार धातूत न्यायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे मेण. मऊ मेणाची पातळ चकती कोमट पाण्यात धरली की ती मातीसारखीच चिमटीत वळते, आणि अंगठ्याच्या रेषाही तशाच उमटतात. मग हा आकार ओतकामवाल्याकडे द्यायचा. तो मेणाभोवती साचा करतो, भट्टीत मेण जाळून टाकतो आणि त्या पोकळीत वितळलेली चांदी ओततो. एका मेणाची एकच वस्तू.

नवा माणूस इथे वजनाला फसतो. मेण हातात पिसासारखं लागतं. पण चांदीची घनता मेणाच्या सुमारे साडेदहा पट असते. २ ग्रॅमचं मेणाचं कानातलं ओतून आलं की २१ ग्रॅमचं होतं. कानाच्या पाळीला दिवसभर ८ ते १० ग्रॅम सोसवतात. त्यापुढे भोक ओढलं जायला लागतं. म्हणजे एका कानासाठी मेण एक ग्रॅमच्या आत. दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा हे या कामातलं पहिलं विकत घ्यायचं हत्यार. मेण मागून पोकळ करा, पण भिंत एक मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. चांदी तिथवर पोचत नाही आणि भोक राहतं.

झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत ओतकाम, पॉलिश, तार ओढणं अशी प्रत्येक कामाची वेगळी माणसं आहेत, बरेचसे कारागीर बंगालचे. त्यांना 'दादा' म्हणा, सकाळच्या घाईत जाऊ नका, आणि वस्तू हातात देताना हे ठळक सांगा: "दादा, फाइल मत मारना, बफ मत करना, जैसा है वैसा." ओतून आलेल्या वस्तूवरचे ठसे दोष समजून ते प्रामाणिकपणे घासून गुळगुळीत करतात, कारण त्यांच्या कामात चांगलं म्हणजे गुळगुळीत. चांदी ९२५ ची, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध, मागा, वजन समोर करून घ्या. ओतायच्या वाटेत राहिलेली चांदी कुणाची, हेही आधीच ठरवा.

घरच्या टेबलावर: तांबं, पितळ, तार

ज्योत न लावता धातूत पुष्कळ काम होतं. पायधुणी-तांबाकाट्याच्या बाजूला तांब्या-पितळेचा पत्रा विचारा. पकड, कानस, लहान हातोडी यांसाठी नागदेवी स्ट्रीट किंवा झवेरी बाजारातली सोनारी हत्यारांची दुकानं. तार मागताना गेजचा नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा, कारण नंबरांच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत आणि एकाच नंबराची जाडी त्यांत वेगवेगळी निघते. कानात अडकवायच्या आकड्यासाठी, म्हणजे हुकासाठी, ०.८ ते ०.९ मिलिमीटर, चांदीची. भोकातून जाणारी तार पितळेची नको, त्वचा चिडते.

अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन शिल्पकाराने आयुष्यात सुमारे १८०० दागिने घडवले, बरेचसे पितळ आणि चांदीच्या तारा ठोकून, वळवून, एकमेकींत अडकवून. सोल्डरचा, म्हणजे धातू वितळवून दिलेल्या जोडाचा, आधार त्याने फारसा घेतला नाही. १९५५ मध्ये तो अहमदाबादला साराभाईंकडे राहून काम करून गेला. त्याचे दागिने फोटोत बघा: तार जिथे चपटी होते तिथे हातोडीचा प्रत्येक घाव मोजता येतो.

तार ठोकता ठोकता कडक होते आणि मग तुटते. हाताला 'आता ती ऐकत नाही' असं जाणवलं की थांबायचं. तिला मंद लाल होईपर्यंत तापवून गार केलं की ती पुन्हा मऊ होते. हे ज्योतीचं काम सुरुवातीला सोनाराकडून करून घ्या; बंद गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली टॉर्च पेटवू नका.

माती आणि धातू एकत्र

क्रम लक्षात ठेवा: माती आधी, धातू शेवटी. ९२५ चांदी ८०० अंशांच्या थोडं वर गेल्यावर वितळायला लागते, म्हणजे मातीच्या पहिल्या भाजणीतही ती टिकत नाही. म्हणून धातू कुठे धरणार याचा निर्णय ओल्या मातीतच घ्यायचा. तारेसाठी खाच ठेवा, कंबरेसारखा आवळलेला भाग ठेवा, नाहीतर आरपार भोक. हा एक निर्णय अंदाजावर सोडू नका.

गोंदाने चिकटवलेला जोड मुंबईच्या घामात फार काळ राहत नाही. दोन भागांचं इपॉक्सी वापरलंत तरी ते मदतनीस म्हणून. पकड तारेची किंवा पत्र्याच्या नख्यांची हवी. नख्या वळवताना मातीवर दाब येऊ देऊ नका: आधी समोरासमोरच्या नख्या थोड्या थोड्या वळवा, आणि धातू व माती यांच्यामध्ये कागदाची पातळ घडी ठेवून शेवटी ती ओढून काढा. एवढी ढील उन्हाळ्यातल्या प्रसरणालाही पुरते.

वस्तू तयार झाली की दुसऱ्याला देण्याआधी स्वतः घालून गर्दीच्या लोकलने जा-ये करा. ओढणी अडकते का, कानातलं पुढे झुकतं का, गळ्याला कड लागते का, हे आरशात कळत नाही. झुकत असेल तर आकडा आकाराच्या मध्यापेक्षा थोडा वर आणि मागे न्या.

चांदी दमट हवेत काळी पडते. न घालताना हवाबंद पिशवीत खडूच्या तुकड्याबरोबर ठेवा. खडू ओलावा धरतो. धुताना रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश. टूथपेस्ट नको, तिने ओरखडे पडतात. खाचांमधला काळेपणा राहू द्या आणि उंचवटे तेवढे कापडाने पुसा, कारण ठशांची सावली त्या खाचांत आहे. दागिना कुणाला दिलात तर माती कोणती, किती अंशांना भाजली आणि चांदीचं वजन किती, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. पुढे कधी दुरुस्ती निघाली तर ती करणाऱ्याला याच तीन गोष्टी लागतात.